पोथी, पडदा आणि मुखवटा : जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यातील कथारूपांची निवड

सारांश : एकाच कथेची अनेक मान्य रूपे प्रचलित असताना ती पुन्हा सांगणाऱ्याने कोणते रूप आधारभूत मानावे, हा प्रश्न आज जपानी चित्रकथा आणि त्यांवरील चलच्चित्र-मालिका यांच्या चाहत्यांनी केलेल्या लेखनाच्या संदर्भात चर्चिला जातो. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या तालुक्यांतील बोहाडा या मुखवटानाट्याला हाच प्रश्न फार पूर्वीपासून सोडवावा लागला आहे. पोथी, मौखिक कथन, छापील चित्र आणि दूरदर्शन मालिका या चार आधारांतून बोहाड्यात निवड कशी होते, तिचे निकष कोणते आणि एकच रूप प्रमाण मानले गेल्यास काय गमावले जाते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : बोहाडा, मुखवटा, सोंग, प्रमाणकथा, मौखिक परंपरा, दूरदर्शन मालिका, चाहता-लेखन.

प्रास्ताविक

कथा ही एकदाच सांगून संपणारी गोष्ट नव्हे. लोकप्रिय कथा एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात जाते, आणि प्रत्येक स्थलांतरात तिच्यात काही भर पडते, काही गळते, काही बदलते. कालांतराने वाचक-प्रेक्षकांसमोर त्या कथेची दोन किंवा अधिक रूपे सारख्याच अधिकाराने उभी राहतात. त्यानंतर जो कोणी ती कथा पुढे सांगू इच्छितो, त्याला आधी एक निर्णय घ्यावा लागतो : आपण कोणती कथा खरी धरून चालणार आहोत?

हा निर्णय वरकरणी तांत्रिक वाटतो. प्रत्यक्षात त्यामागे अधिकाराचा प्रश्न दडलेला असतो. कथा कोणाची, तिच्यात बदल करण्याची मुभा कोणाला, आणि दोन रूपांत विसंगती आढळल्यास चूक कोणाची मानायची, हे त्यातून ठरते. आदिवासीबहुल प्रदेशातील महाविद्यालयांत शिकविणाऱ्या प्राध्यापकांसमोर हा प्रश्न वर्गातही उभा राहतो. विद्यार्थ्याने घरी ऐकलेली रामकथा आणि पाठ्यपुस्तकातील रामकथा यांत अंतर पडते, तेव्हा त्या अंतराला काय नाव द्यायचे, हे शिक्षकाला ठरवावे लागते.

प्रश्नाचे आधुनिक रूप

जपानमध्ये चित्रमालिकेच्या रूपातील कथेला 'मांगा' म्हणतात आणि तिच्यावरून केलेल्या चलच्चित्र-मालिकेला 'अ‍ॅनिमे'. मांगा बहुधा नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध होते आणि ती पूर्ण होण्यापूर्वीच अ‍ॅनिमे सुरू होते. मालिकेचा वेग अधिक असल्यामुळे ती मूळ कथेला गाठते. मग निर्मात्यांपुढे दोन मार्ग उरतात : मध्ये पूरक प्रसंग घालून वेळ काढणे किंवा स्वतंत्र शेवट रचणे.

हिरोमु अराकावा यांची 'फुलमेटल अल्केमिस्ट' ही मांगा २००१ ते २०१० या काळात प्रसिद्ध झाली. तिच्यावरील पहिली अ‍ॅनिमे मालिका २००३-०४ मध्ये ५१ भागांत प्रक्षेपित झाली. मूळ कथा तेव्हा अपूर्ण असल्याने मालिकेने उत्तरार्धात स्वतःची वाट धरली. पुढे २००९-१० मध्ये ६४ भागांची दुसरी मालिका आली, ती मांगाला धरून होती. या रूपांतील भेद किरकोळ नाहीत. मृत आईला परत आणण्याचा दोन भावांचा फसलेला प्रयत्न हा कथेचा प्रारंभबिंदू आहे. पहिल्या मालिकेत त्याच प्रयत्नातून आईच्या चेहऱ्याची एक कृत्रिम व्यक्ती निर्माण होते आणि पुढे भावांविरुद्ध उभी राहते. मांगामध्ये त्याच नावाचे पात्र एक अवाढव्य पुरुष आहे आणि त्याचा आईशी काहीही संबंध नाही.

या कथेवर स्वतःची नवी कथा लिहू पाहणाऱ्या चाहत्याला त्यामुळे प्रारंभीच निवड करणे भाग पडते. अशा लेखनात तीन मार्ग दिसतात. पहिला अनुसरणाचा : एक रूप प्रमाण मानायचे आणि वाचकाला तसे आरंभीच सांगायचे. दुसरा मिश्रणाचा : दोन्हींतील सोयीचे प्रसंग एकत्र गुंफायचे. तिसरा फारकतीचा : दोन्ही रूपे वाचकाला ठाऊक आहेत असे गृहीत धरून त्यांच्यापासून जाणीवपूर्वक दूर जायचे. चाहत्यांच्या परिभाषेत आधारभूत मानलेल्या रूपाला 'कॅनन' म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'प्रमाणकथा' हा शब्द योजला आहे.

बोहाड्याचे स्वरूप

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर वसलेले जव्हार व मोखाडा हे तालुके पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आल्यापासून ते त्या जिल्ह्यात आहेत. वारली, कोकणा, महादेव कोळी, मल्हार कोळी, ठाकूर, कातकरी अशा जमातींची येथे वस्ती आहे. होळीनंतर शेतीची कामे थंडावतात, तेव्हापासून पावसाळ्यापूर्वीपर्यंतच्या काळात गावोगावी बोहाडा होतो. 'भोवाडा' किंवा 'भवाडा' अशीही त्याची नावे आहेत. मोखाड्यात तो जगदंबा उत्सव म्हणूनही ओळखला जातो. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात आणि गुजरातमधील डांग भागातही त्याची भावंडे आढळतात.

बोहाडा रात्री रंगतो. गणपती व सरस्वती यांच्या आगमनाने आरंभ होतो आणि मग एकामागून एक सोंगे येतात. नरसिंह, रावण, कुंभकर्ण, त्राटिका, मारुती, भीम यांच्याबरोबर खंडेराव, भैरोबा, म्हसोबा, वेताळ हेही त्याच रांगेत असतात. संबळ आणि पिपाणी यांच्या तालावर सोंग पुढे-मागे नाचत जाते. अखेरच्या रात्रीच्या शेवटी, पहाटेच्या सुमारास, देवी आणि महिषासुर यांचे युद्ध होते आणि महिषासुराच्या वधाने उत्सवाची सांगता होते. चांगले पीक यावे, रोगराई टळावी, गावदेवीची कृपा राहावी, ही भावना त्यामागे असते.

या नाट्यप्रकाराची दोन वैशिष्ट्ये प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले असे की, मुखवटा संपूर्ण चेहरा झाकतो. त्यामुळे संवादाला फारसा वाव नसतो. कथा बोलून सांगितली जात नाही, ती मुखवटा, शस्त्र, चाल आणि क्रम यांतून सूचित होते. मधली जागा प्रेक्षक आपल्या ठायी असलेल्या कथेने भरून काढतो. दुसरे असे की, अनेक गावांत ठरावीक सोंग नाचविण्याचा मान ठरावीक घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो. सोंग हे त्या अर्थाने भूमिकाही असते आणि वारसाही.

आधाराच्या चार परंपरा

बोहाड्यातील पात्रांमागे असलेली कथा एकाच उगमातून आलेली नाही. तिचे चार आधार सांगता येतात.

पहिला आधार पोथीचा. एकनाथांचे 'भावार्थ रामायण' सोळाव्या शतकातील. श्रीधरांचे 'हरिविजय' (१७०२), 'रामविजय' (१७०३) आणि 'पांडवप्रताप' (१७१२) हे ग्रंथ महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पारायण व कीर्तन यांच्या द्वारे पोहोचले. महिषासुराची कथा मार्कंडेय पुराणातील देवीमाहात्म्यातून आली. ज्याला वाचता येत नव्हते त्यालाही या कथा ऐकून ठाऊक होत्या.

दुसरा आधार मौखिक कथनाचा. वारली समाजात भगत घांगळी या वाद्याच्या साथीने कणसरीची कथा सांगतो आणि लग्नविधीत धवलेरी स्त्रिया गीते गातात. कोकणा समाजात काशाच्या थाळीवर मेणाने काडी बसवून तिच्यावरून बोटे ओढत निघणाऱ्या नादाच्या साथीने कथा सांगण्याची प्रथा आहे. अशा कथनांत रामकथाही येते. मौखिक रूपे पोथीपासून किती दूर जाऊ शकतात, याचे उदाहरण उत्तर गुजरातमधील डुंगरी भिलांच्या महाभारतात मिळते. भगवानदास पटेल यांनी त्याचे संकलन केले आहे. त्यात वासुकी नाग अर्जुनाला बांधून टाकतो आणि त्याचा पराभव कर्ण करतो. व्यासांच्या महाभारताशी या प्रसंगाचा मेळ बसत नाही, परंतु ऐकणाऱ्याच्या दृष्टीने तो प्रक्षेप नसून कथेचाच भाग आहे.

तिसरा आधार छापील चित्राचा. पुण्याच्या चित्रशाळा प्रेसने १८७८ पासून आणि राजा रविवर्मा यांच्या मुद्रणालयाने १८९४ पासून देवदेवतांची रंगीत चित्रे घरोघरी नेली. पुढे दिनदर्शिका आणि १९६७ मध्ये सुरू झालेली 'अमर चित्र कथा' यांनी देवांचे व दैत्यांचे चेहरे, मुकुट, वर्ण यांविषयी एक ठराव निर्माण केला.

चौथा आधार पडद्याचा. रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात दूरदर्शनवर दाखविली गेली. तिच्यामागोमाग बी. आर. चोप्रा यांची 'महाभारत' मालिका २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० या काळात आली. जव्हार-मोखाड्यातील पाड्यापाड्यांत वीज व दूरदर्शन संच पोहोचण्यास त्यानंतरही बरीच वर्षे गेली, परंतु पुनःप्रक्षेपण, चित्रफिती आणि अलीकडे भ्रमणध्वनी यांमुळे मालिकेचे रूप तेथेही स्थिरावले. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदीच्या काळात या मालिका पुन्हा दाखविल्या गेल्या. सार्वजनिक उत्सवांना तेव्हा बंदी होती. बोहाड्याच्या ऐन हंगामात मुखवटे घरात राहिले आणि कथा पडद्यावर चालू राहिली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. सागर यांच्या मालिकेच्या श्रेयनामावलीत वाल्मीकी व तुलसीदास यांच्याबरोबर कंब, कृत्तिवास आणि एकनाथांचे भावार्थ रामायण यांचाही निर्देश होता. म्हणजे पडद्यावरची रामकथा ही स्वतःच मिश्रणाने सिद्ध झाली होती. प्रेक्षकांपर्यंत मात्र ती एकसंध आणि अंतिम कथा म्हणून पोहोचली. मिश्रणाच्या खुणा पुसल्या गेल्या की मिश्र रूपही प्रमाण भासू लागते.

निवड नेमकी कोठे होते

चाहता-लेखक आपली निवड शब्दांत जाहीर करतो. बोहाड्यात ती कोणी जाहीर करीत नाही, तरीही ती होते. तिच्या चार जागा दाखविता येतात.

पहिली जागा नावाची. रामाने वधलेल्या यक्षिणीला वाल्मीकींच्या ग्रंथात 'ताटका' म्हटले आहे. मराठी परंपरेत ती 'त्राटिका' होते आणि हा शब्द मराठीत कजाग स्त्रीचे विशेषण म्हणून रुळला आहे. हिंदी मालिकेत ती 'ताडका' आहे. सोंगाची ओळख करून देणाऱ्याच्या किंवा प्रेक्षकाच्या तोंडी यांपैकी कोणते नाव येते, यावरून त्या क्षणी त्याच्या मनातील आधार पोथीचा आहे की पडद्याचा, याचा अंदाज बांधता येतो. हे निरीक्षण अभ्यासकाला सहज करता येण्याजोगे आहे.

दुसरी जागा प्रमाणाची. वाल्मीकीरामायणात ताटकावधाचा प्रसंग बालकांडातील थोड्याच सर्गांत आटोपतो. बोहाड्यात त्राटिकेला स्वतःची पाळी, स्वतःची चाल आणि स्वतःचा धाक असतो. ग्रंथातील पात्राचे महत्त्व कथानकातील त्याच्या कार्यावरून ठरते, तर बोहाड्यातील सोंगाचे महत्त्व त्याच्या दर्शनाच्या परिणामावरून ठरते. त्यामुळे ग्रंथात नायक असलेली पात्रे येथे सौम्य ठरतात आणि दैत्य, उग्रदेवता व प्राणी लक्ष वेधून घेतात. हे पोथीचे अज्ञान नव्हे. माध्यमाने केलेली ती निवड आहे.

तिसरी जागा रूपाची. रावणाचा दशमुखी मुखवटा हा बोहाड्यातील वजनदार मुखवटा असतो. पडद्यावरील रावण मात्र बहुतेक वेळ एकाच मानवी चेहऱ्याचा असतो, कारण अभिनेत्याच्या मुद्रा प्रेक्षकाला दिसणे तेथे आवश्यक असते. जव्हार तालुक्यातील रामखिंड हे गाव मुखवटे बनविण्यासाठी ओळखले जाते. लाकडी मुखवट्यांबरोबर कागदाच्या लगद्याचे हलके मुखवटेही या भागात तयार होतात. कारागीर नवा मुखवटा घडवितो तेव्हा त्याच्यासमोर जुना मुखवटा, छापील चित्र आणि मालिकेतील चेहरा अशी तीन प्रतिमाने असतात. जुन्या मुखवट्याची प्रतिकृती करणे हे अनुसरण. जुन्या घडणीवर दिनदर्शिकेतील मुकुट व रंग चढविणे हे मिश्रण. मुखवटा बाजूला ठेवून केवळ चेहरा रंगवून मालिकेतील पात्र उभे करणे हा तिसरा पर्याय, आणि त्याने बोहाड्याचे मूळ तत्त्वच पालटते. चेहरा उघडा झाला की संवादाची अपेक्षा निर्माण होते, संवाद आला की संहिता लागते, आणि संहिता आली की तिचा प्रमाण पाठ कोणता हा वाद अटळ ठरतो.

चौथी जागा क्रमाची, आणि तीच निर्णायक होय. नरसिंह भागवताचा, रावण रामायणाचा, भीम महाभारताचा, महिषासुर देवीमाहात्म्याचा. कोणत्याही एका ग्रंथात ही मंडळी या क्रमाने भेटत नाहीत. त्यांच्यामध्ये भैरोबा, म्हसोबा, वेताळ येतात, ते तर या कथांतील पात्रेच नाहीत. गणपतीपासून महिषासुरवधापर्यंतची ही साखळी हीच बोहाड्याची स्वतःची प्रमाणकथा आहे. पोथी, चित्र आणि पडदा या साखळीला साहित्य पुरवितात. साखळी मात्र गावाची असते.

साम्य आणि भेद

चाहता-लेखन व बोहाडा यांत साम्य असे की, दोहोंतही श्रोता किंवा वाचक मूळ कथा जाणतो असे गृहीत असते. रावण कोण, हे कोणी सांगत नाही. नव्या सादरीकरणाचा आनंद ठाऊक असलेल्या गोष्टीच्या पुनर्भेटीत असतो. दोहोंत अनुसरण, मिश्रण व फारकत हे तीनही मार्ग उपलब्ध असतात.

भेद त्याहून महत्त्वाचे आहेत. मांगाला एक ज्ञात लेखक असतो, त्यामुळे वाद झाल्यास मूळ कोणते हे सांगता येते. रामकथेबाबत असे मूळ सांगणे कठीण आहे. ए. के. रामानुजन यांनी 'तीनशे रामायणे' या आपल्या निबंधात प्रत्येक रूप हे एका समान भांडारातून केलेली स्वतंत्र रचना आहे, असे प्रतिपादन केले. या भूमिकेतून पाहता वाल्मीकीचे रामायण हेही अनेकांतील एक रूप ठरते, जरी ते सर्वाधिक प्रतिष्ठित असले तरी. दुसरा भेद कर्त्याचा. चाहता-लेखक एकट्याने निवड करतो आणि ती दुसऱ्या दिवशी बदलू शकतो. बोहाड्यातील निवड घराणे, कारागीर, वादक आणि गाव यांच्या संमतीने होते आणि ती सावकाश बदलते. तिसरा भेद निकषाचा. चाहता-लेखनात निष्ठा ही कथेशी असते. बोहाड्यात ती गावदेवीशी व परंपरेशी असते. सोंग ग्रंथाप्रमाणे आले की नाही यापेक्षा ते ज्याच्या मानाचे आहे त्याने, योग्य वेळी, योग्य क्रमाने आणले की नाही, याला येथे अधिक किंमत असते.

एका प्रमाणरूपाचे परिणाम

अनेक पाठांतून एक पाठ निश्चित करणे हे विद्याक्षेत्रातील मान्य कार्य आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. व्यासांनी सांगितले व गणपतीने लिहून घेतले, ही सर्वांना प्रिय असलेली कथा त्या आवृत्तीत मुख्य पाठाबाहेर ठेवण्यात आली. त्यासाठी हस्तलिखितांचा पुरावा होता, आणि वगळलेले पाठ टीपा व परिशिष्टांत जपून ठेवले गेले. त्यामुळे संपादकाने काय गाळले, हे आजही तपासता येते.

लोकप्रिय माध्यमातून घडणारे प्रमाणीकरण याहून वेगळे असते. तेथे वगळलेल्या रूपांसाठी परिशिष्ट नसते. मालिका हीच खरी कथा असा समज दृढ झाला की गावातील तरुणाला आपल्या आजोबांचे सोंग 'चुकीचे' वाटू लागते. या कथांत नसलेली वेताळ-म्हसोबाची सोंगे अनावश्यक भासतात. त्यांचा मान ज्या घराण्याकडे आहे ते घराणे कामासाठी स्थलांतरित झालेले असल्यास सोंग न आल्याची खंतही कोणाला वाटत नाही. जव्हार-मोखाड्यातून रोजगारासाठी होणारे हंगामी स्थलांतर लक्षात घेता हा धोका काल्पनिक नाही. मुखवटा भिंतीवर शोभेची वस्तू म्हणून शिल्लक राहील, परंतु तो कोणत्या सोंगानंतर येतो, त्याची चाल कोणती आणि तो नाचविण्याचा मान कोणाचा, हे ज्ञान मुखवट्याबरोबर टिकत नाही.

याउलट सर्व बदल हे ऱ्हासच, अशी भूमिकाही टिकणारी नाही. पोथी, छापील चित्र, कागदाचा लगदा हेही कधीकाळी नवेच होते आणि बोहाड्याने त्यांना आपल्या साखळीत सामावून घेतले. नवा आधार स्वीकारणे हे परंपरेच्या जिवंतपणाचे लक्षण आहे. प्रश्न उद्भवतो तो निवडीची शक्यताच संपली तर.

अध्यापन व नोंदीच्या दिशा

अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या संरक्षणाचा युनेस्कोचा करार २००३ चा आहे आणि भारताने तो २००५ मध्ये स्वीकारला. गढवालमधील 'रम्माण' हा मुखवटे व रामकथा यांचा समावेश असलेला ग्रामोत्सव २००९ मध्ये त्याखालील प्रातिनिधिक यादीत आला. अशा मान्यतेचा मार्ग दूरचा असला, तरी नोंद करण्याचे काम परिसरातील महाविद्यालयांना आजच करता येण्याजोगे आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेल्या अभ्यासक्रमांत क्षेत्रप्रकल्पाला स्थान आहे. त्याचा उपयोग या कामी व्हावा.

अशा नोंदीत काही पथ्ये पाळणे इष्ट ठरेल. एक, प्रत्येक गावाचा सोंगांचा क्रम पूर्ण लिहून घ्यावा, कारण क्रम हाच त्या गावाचा पाठ आहे. दोन, एकाच सोंगाविषयी नाचणारा, कारागीर, वादक आणि वृद्ध प्रेक्षक यांनी सांगितलेल्या कथा स्वतंत्रपणे नोंदवाव्यात व त्यांची सरमिसळ करू नये. तीन, 'हे बरोबर आहे का' असे न विचारता 'हे कोणाकडून ऐकले' असे विचारावे. चार, विधीचा जो भाग बाहेर सांगावयाचा नाही असे गाव म्हणेल तो वगळावा, चित्रीकरणास संमती घ्यावी आणि नोंदीची एक प्रत गावाकडे राहील असे पाहावे. वर्गातही विद्यार्थ्याने सांगितलेले वेगळे कथारूप चूक म्हणून खोडण्याऐवजी पाठभेद म्हणून फळ्यावर लिहिले, तर पाठचिकित्सेची संकल्पना त्याला स्वतःच्या घरातून समजेल.

समारोप

मांगा प्रमाण की अ‍ॅनिमे, हा चाहत्यांचा वाद आणि पोथी प्रमाण की पडदा, हा बोहाड्यापुढील प्रश्न यांची जात एकच आहे. मात्र त्यांचे परिणाम सारखे नाहीत. मांगा व अ‍ॅनिमे दोन्ही छापील व ध्वनिचित्रमुद्रित रूपात सुरक्षित आहेत. चाहत्याने एक रूप नाकारले तरी ते नष्ट होत नाही. गावाच्या स्मरणात असलेल्या कथारूपाला असे संरक्षण नाही. ते एका पिढीने निवडले नाही, तर पुढच्या पिढीपुढे निवडीसाठी ते उरतच नाही. म्हणून कोणते रूप खरे याचा निकाल देण्याआधी, आज कोणकोणती रूपे अस्तित्वात आहेत, हे गावाच्या सहभागाने लिहून ठेवणे हे या परिसरातील अभ्यासकांचे पहिले कर्तव्य ठरते.